मधलीची मऊ अंडी

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला बिचारी म्हणायला नको.

बाबा आमच्याकडे आले ते ऑगस्टमध्ये, न्यूझीलंडच्या ऐन हिवाळ्यात, हॅमिल्टनच्या धुक्यात. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. चिंचवडच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहत होते आणि मी दर रविवारी फोनवर धोशा लावला होता, "या हो बाबा, कायमचे या. एकुलती एक मुलगी आहे तुम्हाला. तिच्याकडे नाही तर कुठे राहणार?" नातेवाइकांच्या ग्रुप कॉलवर तर मी हे जरा मोठ्यानंच म्हणायचे. शेवटी ते आले, पण सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. "बघू," म्हणाले, "जमलं तर पुढचा अर्ज करू. नाही जमलं तर आपलं घर आहेच." म्हणजे प्रश्न एवढाच होता, बाबा राहणार की जाणार.

पहिले दोन महिने काही जमेना. बाबांनी छत्तीस वर्षं एका कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून काढलेली. हाताला काम नसलं की ते आजारी दिसायला लागतात. पहिल्या पंधरवड्यात त्यांनी आमच्या घरातलं करकरणारं, गळणारं, डुगडुगणारं सगळं दुरुस्त केलं. मग दुरुस्त करायला काही उरलंच नाही. हीट पंपासमोर शाल गुंडाळून बसायचे आणि घड्याळाकडे बघून मनातल्या मनात साडेसहा तास वजा करायचे. "आता तिकडे पाणी आलं असेल," म्हणायचे. "आता पेपरवाला येऊन गेला असेल." मी ओट्याशी उभी राहून ऐकायचे आणि मला चीडच यायची. एवढा आटापिटा करून आणलं, आणि माणूस मनानं चिंचवडलाच.

घर आमचं दोन बेडरूमचं. बाबा आले म्हणून चौदा वर्षांच्या लेकीनं आपली खोली त्यांना दिली आणि ती लाउंजमधल्या सोफ्यावर झोपायला लागली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "इट्स ओके, ममा," म्हणायची, पण अशा सुरात की ओके नाहीये हे शेजाऱ्यांनाही कळावं. नवरा भला माणूस. सासऱ्यांना त्रास नको म्हणून तो स्वतःच्याच घरात चोरपावलांनी वावरायचा. सगळ्यांची मर्जी सांभाळता सांभाळता माझ्या नाकी नऊ यायचे.

ऑक्टोबरमध्ये एक दिवस शेजारच्या आजींनी कुंपणावरून हाक मारली. या आजी म्हणजे सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या गोऱ्या बाई. नावानं हाक मार म्हणतात, पण आमची जीभ रेटत नाही, म्हणून आजी. कुठल्याशा फार्मनं म्हाताऱ्या झालेल्या कोंबड्या काढून टाकल्या होत्या. त्यातल्या सहा त्यांनी आणल्या, आणि घरी आणल्यावर लक्षात आलं की आपल्याला तीनच झेपतील. मी नको म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "ठेवू या की."

दोन महिन्यांत त्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट. हत्ती मागितला असता तरी मी हो म्हटलं असतं.

माझं माहेर पक्कं शाकाहारी. लग्नानंतर मी अंडं खायला लागले हे बाबांना ठाऊक आहे, आणि ठाऊक नसल्याचं नाटक ते इतकी वर्षं चोख करत आलेत. असा माणूस कोंबड्या पाळणार! पण त्यांनी नवऱ्याला कामाला लावून कुठून कुठून लाकडी पॅलेट जमवले आणि आठ दिवसांत मागच्या अंगणात खुराडं उभं केलं. दाराची कडी अशी बसवली होती की एका बोटानं सरकायची आणि वाऱ्यानं हलायची नाही. आजी बघायला आल्या, कडी चार वेळा उघडून-लावून पाहिली आणि म्हणाल्या, "स्वीट अॅज!" बाबांना शब्द कळले नाहीत, पण कौतुक कळलं. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

कोंबड्यांची नावं त्यांनी ठेवली थोरली, मधली आणि धाकटी. तिघी तपकिरी, पिसं झडलेल्या, मानेकडे तर नुसती कातडी. "आम्ही चौघंही रिटायर्ड," बाबा म्हणायचे. सकाळी शिफ्टला निघताना मी खिडकीतून बघायचे, तर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला घालून, वर स्वेटर आणि कानटोपी अशा अवतारात ते अंगणात उभे आणि या तिघी मागे मागे. मधली सगळ्यात लाडकी. ती सरळ उडी मारून मांडीवर बसायची आणि ते तिला चिंचवडच्या गोष्टी सांगायचे. कोंबडीला पाणीकपातीची काय कमाल वाटत असेल कोण जाणे. पण एक झालं, घड्याळातून साडेसहा तास वजा करणं थांबलं. डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी ते आपण होऊन म्हणाले, "तो पुढचा अर्ज कसा करतात गं? कागद काय काय लागतील?"

नवऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, खोटं नाही. मलाही आनंदच झाला. आणि दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी गाडी ड्राइव्हवेवर लावून आतच बसून राहिले. घरात दिवे लागले होते, बाबा काहीतरी सांगत होते, लेक सोफ्यावर पांघरूण आवरत होती, आणि मला आत जावंसं वाटेना. कायमचं म्हणजे किती वर्षं, असं माझ्या मनात आलं. स्वतःच्या बापाबद्दल. मला माझी लाज वाटली, तरी मी आणखी दहा मिनिटं तिथेच बसले. पुढे ती सवयच झाली.

जानेवारीत मधलीनं पहिलं मऊ अंडं घातलं. बाबा ते तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात आले. रात्रीच ते खुराड्यातल्या दांड्यावरून खाली पडलं होतं, पण फुटलं नव्हतं.

"हे बघ," ते हलक्या आवाजात म्हणाले. "याला कवचच नाही."

मी बोट लावलं. नुसता पापुद्रा आणि आत डुचमळणारं पाणी. उजेडात धरलं तर बलक इकडून तिकडे जाताना दिसत होता. मला शिसारी आली, पण बाबा त्याच्याकडे असे बघत होते की मी हात मागे घेतला नाही.

"तिला दुखत असेल का गं?"

"अहो, कॅल्शियम कमी पडतंय, दुसरं काय," मी म्हटलं. मी इथल्या ते-रापा उपनगरातल्या दूध कारखान्यात लॅबमध्ये काम करते. कॅल्शियम हा शब्द दिवसातून दहा वेळा माझ्या तोंडात. त्यामुळे या विषयात मला कुणी शिकवायची सोय नव्हती.

कारण शोधायलाही लांब जावं लागलं नाही. आमच्या घरात अन्न टाकत नाहीत. आई असताना नाही, माझी आजी असताना नाही. रात्रीची पोळी उरली की बाबा सकाळी ती बारीक कुस्करायचे, त्यात दूध घालायचे, वर चमचाभर तूप, आणि तिघींपुढे ठेवायचे. कधी वरणभात. कधी शिरा उरला तर शिरा. तिघी त्यावर तुटून पडायच्या आणि पोट भरलं की दुकानातून आणलेल्या लेअर पेलेट्सकडे, म्हणजे कोंबड्यांच्या तयार खाद्याकडे, ढुंकूनही बघायच्या नाहीत. अंड्याचं कवच ज्यातून व्हायचं ते पेलेट्स तसेच पडून. आजींनी सांगितलं, आधी पेलेट्स, खाऊ दुपारी आणि मूठभर. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायचा, ज्यात त्यात मिसळायचा नाही, जिला हवा ती खाईल. आजींनी हे हसून सांगितलं. त्या आणखी एक म्हणाल्या, की फार्मवरच्या या कोंबड्या वर्षभर रोज अंडं देऊन आतून दमलेल्या असतात, तेव्हा फार आशा ठेवू नका. ते मी कानाआड केलं.

बाबांना मात्र मी हसून सांगितलं नाही. सुपरवायझरच्या थाटात सांगितलं. "उद्यापासून पोळी बंद. एक घासही नाही."

"अगं, मग उरलेलं काय करायचं?"

"टाका."

दुसऱ्या दिवसापासून चहाबरोबर ते शिळी पोळी खायला लागले. मला वाटलं, आवडत असेल. वर्ष उलटून गेल्यावर एकदा भाकरी-पोळीचा डबा घासताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला की त्यांनी ते अन्न टाकलं नव्हतं, स्वतःच्या पोटात घातलं होतं. डबा हातात घेऊन मी सिंकपाशी रडले.

आम्ही सगळं केलं. शिंपल्यांचा चुरा आणला. थोरलीच्या आणि धाकटीच्या अंड्यांची टरफलं ओव्हनमध्ये भाजून, कुटून वाटीत घातली. उन्हं कडक होती म्हणून बाबांनी जुनी चादर बांधून सावली केली. तीन आठवड्यांत बाकी दोघींची अंडी अशी टणक झाली की फोडायला सुरीचा मागचा भाग लागायचा. मधलीचं मात्र काही सुधारेना. दोन दिवस पातळ कवच, मग एकदा नुसतंच पाणी, मग दोन दिवस काहीच नाही. अशी अंडी घालायच्या आधी ती शेपूट पाडून, मान आत घेऊन कोपऱ्यात उभी राहायची, आणि तिला बघून बाबाही तसेच उभे राहायचे.

एका दुपारी ती बसली ती उठेचना. आजींनी कुंपणावरून सांगितलं, कोमट पाण्यात बसवा. मी लाँड्रीत टब भरला. बाबांनी बाह्या सरसावल्या, तिला दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि पोटापर्यंत पाण्यात धरलं. मला वाटलं फडफडेल, बोचकारेल. कसचं काय! तिनं डोळे मिटले आणि त्यांच्या मनगटावर मान टाकली. वीस मिनिटं ते तसेच वाकून उभे होते, सत्तरी ओलांडलेला माणूस, कंबर दुखत असणार. "हो, हो, झालं हं," असं पुटपुटत होते. आई शेवटी शेवटी अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिच्याशीही ते असंच बोलत. मग पाण्यात ते मऊ अंडं आलं आणि लगेच फुटलं. बाबांनी तिला टॉवेलात गुंडाळलं, माझा हेअर ड्रायर मागून घेतला आणि पिसं वाळवत बसले. हात इतके स्थिर की मी बघतच राहिले. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला आणि तो मी बोलून दाखवला नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी चुन्याचा विषय काढला. इंडियन दुकानातून आणलेली चुन्याची ट्यूब त्यांच्याकडे होती, हाडांसाठी म्हणून ते स्वतः रोज कणभर घ्यायचे. "गव्हाच्या दाण्याएवढा, दह्यातून," ते म्हणाले. "तुझ्या आईच्या गुडघ्यांना यानंच आराम पडला होता. शेवटी कॅल्शियमच ना ते?"

"खबरदार, बाबा! चुना पोटात गेला तर आतून भाजेल तिला. ती कोंबडी आहे, आई नाही."

"बरं बाई," ते हसत म्हणाले. "राहिलं."

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालायला गेले. मधली खुराड्याबाहेर पडली होती. पोट फुगलेलं, तुरा पांढुरका, श्वास घेताना चोच उघडत होती. नळापाशी स्टीलची वाटी होती, तिच्यात दही, आणि कडेला लागलेलं पांढरं मी बोटानं चोळून पाहिलं. दही नव्हतं ते.

"किती दिवस?" मी ओरडले.

बाबा डेकच्या पायरीवर उभे होते. "आठ दिवस झाले असतील. अगदी कणभर गं, नखाच्या टोकावर मावेल एवढाच."

"मी नको सांगितलं होतं ना?"

"तिचे हाल बघवेनात मला."

आणि मग माझ्या तोंडून ते गेलं. "आईचंही असंच केलंत तुम्ही! सहा महिने ओवा आणि हिंग देत बसलात घरच्या घरी! वेळेवर नेलं असतं तर आज—" वाक्य मी पुरं केलं नाही, पण पुरं करायला उरलं तरी काय होतं? नवरा दारात बादली घेऊन उभा होता, तो तसाच आत गेला. बाबांनी खाली बसून मधलीला टॉवेलात घेतलं. आईचं पोट दुखत होतं त्या दिवसांत मीसुद्धा फोनवर "गॅस असेल" असंच म्हणत होते, हे मी त्या सकाळी सोयीनं विसरले होते.

व्हेटकडे, जनावरांच्या डॉक्टरकडे, जाताना ती त्यांच्या मांडीवर होती. व्हेट म्हणजे एक तरुण मुलगी. तिनं पोट चाचपलं, मान हलवली आणि म्हणाली, आता हिला सोडवणंच बरं. बाबांना भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही. इंजेक्शन देईपर्यंत त्यांनी तिच्या पाठीवरून हात काढला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "विचार तिला, माझ्यामुळे झालं का."

मी विचारलं, पण माझ्या पद्धतीनं. माझे वडील हिला चुना देत होते, तिला उघडून बघता येईल का, त्यानंच गेली असेल तर मला कळायला हवंय. मला शंका नव्हतीच, मला पुरावा हवा होता. त्या मुलीनं माझ्याकडे जरा नवलानं बघितलं आणि म्हणाली, बघते, मंगळवारी फोन करते.

रविवारी सकाळी मी बाबांची माफी मागितली. आईबद्दल बोलले ते चुकलं, रागात बोलले, म्हटलं. शब्दांची माफी मागणं सोपं असतं, मी आयुष्यभर तेच करत आलेय. बाबा म्हणाले, "अगं, तू तापट, हे काय मला आज कळतंय? ते मी मनात नाही धरलं." आणि मग म्हणाले, "पण तिकीट बघ. व्हिसा संपायच्या आत जातो."

"अहो, अर्ज भरून तयार आहे. फक्त सही राहिलीय."

"नको. माझ्या हातून जीव गेला तिचा. आता या हातांचा मलाच भरवसा वाटत नाही. उद्या तुझ्या लेकीला ताप आला आणि मी काहीतरी देऊन बसलो तर?" ते आपल्या हातांकडे बघत होते. "लोकांच्या घरात असा माणूस नको."

लोकांच्या घरात, म्हणाले. मी रडले, नाही नाही म्हटलं, नवऱ्यानं समजावलं. पण गुरुवारचं तिकीट मिळालं तेव्हा ते मीच बुक केलं.

मंगळवारी माझी सुट्टी होती. बाबा आत बॅग भरत होते. फोन वाजला तशी मी लाँड्रीत जाऊन दार लावलं. ती व्हेट होती. म्हणाली, चुन्याचा काही संबंध नाही, आत कुठे भाजल्याची खूण नाही. हिची अंडी कित्येक महिने आतल्या आत पोटात पडत होती, त्याचं इन्फेक्शन झालं. कवच तयार करणारा भागच झिजलेला होता. फार्मवरच्या कोंबड्यांत हे होतंच, कुणी काही करू शकलं नसतं. आणि शेवटी म्हणाली, तुझ्या डॅडना नक्की सांग, त्यांनी तिच्यासाठी हीप्स, म्हणजे खूप काही, केलं. इतकी जपलेली कोंबडी आमच्याकडे क्वचित येते.

मी थँक यू म्हटलं. फोन ठेवला आणि वॉशिंग मशीनला टेकून उभी राहिले. भिंतीपलीकडे बाबा बॅगेची चेन ओढत होते, ती अडकत होती, ते पुन्हा मागे घेऊन ओढत होते. पाच पावलांवर. जाऊन एवढंच सांगायचं होतं, की बाबा, तुमच्या हातून काही झालं नाही. मग बॅग पुन्हा रिकामी झाली असती. सही झाली असती. लेक सोफ्यावरच राहिली असती, आणि मी ड्राइव्हवेवर गाडीत बसत राहिले असते, दहा वर्षं, पंधरा वर्षं. हे सगळं माझ्या डोक्यात स्पष्ट शब्दांत आलं. गोंधळ झाला, सुचलं नाही, असं मी सांगू शकत नाही. मला चांगलं सुचलं होतं. मी दार उघडून बाहेर आले आणि त्यांना विचारलं, "चहा टाकू का?"

ऑकलंडच्या विमानतळावर, सामान देऊन झाल्यावर, सिक्युरिटीच्या दारापाशी ते थांबले. नवरा आणि लेक जरा मागे होते. बाबा म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाईंचा फोन नाहीच आला ना?"

"नाही," मी म्हटलं.

"असू दे. कामात असेल बिचारी." आणि ते आत गेले.

घरी आल्यावर लेक आपल्या खोलीत जाऊन झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारीच उठली. थोरली आणि धाकटी आजींकडे दिल्या. पंधरा दिवस मला फार हलकं वाटलं, हेही सांगायला हवं. मग एक दिवस गाडी लावली आणि सवयीनं आतच बसून राहिले, आणि लक्षात आलं की आता चुकवायला घरात कुणी नाही. तिथून मला झोप लागेनाशी झाली.

दर रविवारी फोन व्हायचा. बाबा हवामान विचारायचे, लेकीच्या परीक्षा विचारायचे, आजींची चौकशी करायचे. कोंबड्यांचं नाव काढायचे नाहीत. मी दर वेळी ठरवायचे, आज सांगायचं, आणि दर वेळी भाजीपाल्यावर बोलून फोन ठेवायचे. जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं. नवऱ्यालाही मी सांगितलं नव्हतं.

सव्वा वर्ष असं गेलं. मग एका रविवारी बाबा बोलता बोलता म्हणाले, सोसायटीचा पाण्याचा पंप बिघडलाय, दोन दिवस टँकर येतोय. मी म्हटलं, "अहो, तुम्ही असताना? तुम्हीच तर नेहमी खोलून बसवता तो."

"आता नाही घेत मी असलं काही अंगावर," ते म्हणाले. "सेक्रेटरी आला होता बोलवायला. नाही म्हटलं त्याला. हात लावला की काहीतरी बिघडेल असंच वाटतं मला. डबाही लावलाय आता, चहासाठीसुद्धा गॅसपाशी जात नाही फारसा."

फोनच्या पडद्यावर त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता, फोन नेहमी तिरका धरतात. दाढी वाढली होती. छत्तीस वर्षं हातांवर जगलेला माणूस मला सांगत होता की तो चहाही स्वतः करत नाही, आणि त्याचं हे मी केलं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "मधली चुन्यानं नाही गेली."

मी भडाभडा सगळं सांगून टाकलं, अंडी आतल्या आत पडत होती, इन्फेक्शन होतं, झिजलेली होती, कुणी काहीच करू शकलं नसतं, तुम्ही हीप्स केलंत असं ती म्हणाली, तुमच्यामुळे ती जास्त दिवस जगली. शेवटचं व्हेट म्हणाली नव्हती, ते मी माझ्या पदरचं घातलं. बाबांनी फोन सरळ केला. आता त्यांचा पूर्ण चेहरा दिसत होता.

"कधी कळलं तुला?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. कालच फोन आला, म्हणू शकले असते. त्यांनी विश्वासही ठेवला असता.

"मंगळवारी," मी म्हटलं. "तुम्ही बॅग भरत होतात तेव्हा."

"म्हणजे विमानतळावर मी विचारलं, त्याच्या आधी."

"हो."

मी वाट बघत होते की ते चिडतील, निदान एकदा तरी. माझ्यासारखं ओरडतील. पण हा तापटपणा माझ्यात आईकडून आलाय, त्यांच्याकडून नाही.

"सांगितलं असतंस तर मी राहिलो असतो गं," ते म्हणाले.

"माहीत होतं, बाबा," मी म्हटलं.